वैद्यकीय लेखकांमधील स्त्री-पुरुष प्रमाण

वैद्यक व सार्वजनिक आरोग्य या विषयांवरील ग्रंथ, शोधनिबंध आणि संपादकीये यांच्या लेखकवर्गात स्त्रियांचा वाटा किती, याचा अभ्यास. त्यात नावांच्या संख्येबरोबर नामावलीतील स्थानही पाहिले जाते. कारण कामाचा मोठा भाग उचलणाऱ्याचे नाव सामान्यतः पहिले, तर संशोधनाची सूत्रे सांभाळणाऱ्या ज्येष्ठाचे नाव शेवटी येते.

स्त्री-लेखकत्वाविषयीचा बहुचर्चित वाद ‘त्रोतुला’ या लॅटिन ग्रंथसमूहाभोवती आहे. मुख्यतः स्त्रियांच्या आरोग्यासंबंधीची ही तीन प्रकरणे इटलीतील सालेर्नो येथे बहुधा बाराव्या शतकात रचली गेली. १५४४ साली स्ट्रासबर्ग येथे गेओर्ग क्राउट याने ती एकत्र गुंफून छापली, त्यामुळे ती एकाच लेखणीतून उतरल्याचा समज दृढ झाला. १५६६ च्या बाझेल आवृत्तीत तर लेखक म्हणून एरॉस या रोमन मुक्तदासाचे नाव घातले गेले. इतिहासकार जॉन बेंटन यांनी १९८५ मध्ये त्रोता नावाच्या वैद्य स्त्रीच्या स्वतंत्र उपचारग्रंथाकडे लक्ष वेधले, मात्र ‘त्रोतुला’तील प्रकरणे तिची नव्हेत असे मत मांडले. वैद्यकाच्या इतिहासकार मोनिका ग्रीन यांच्या मते मधल्या, उपचारविषयक प्रकरणात त्रोताचे वैद्यक उतरले आहे, तर उरलेली दोन बहुधा पुरुषांची आहेत. हस्तलिखितांच्या बारकाईने केलेल्या तुलनेवर आधारलेले असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते.

अमेरिकेत डॉक्टर मेरी पटनम जॅकोबी यांच्या मासिक पाळीतील विश्रांतीविषयक निबंधाला १८७६ मध्ये हार्वर्डचे बॉयल्स्टन पारितोषिक मिळाले. तो लेखकाचे नाव न कळवता सादर झाला होता. हार्वर्डच्या वैद्यक विद्यालयात विद्यार्थिनींना प्रवेश मिळू लागला तो १९४५ मध्ये.

पद्धतशीर मोजणीत रेश्मा जग्सी व सहकाऱ्यांचा २००६ चा अभ्यास पायाभूत मानला जातो. सहा नामांकित नियतकालिकांतील, अमेरिकी संस्थांशी संलग्न डॉक्टर-लेखकांपुरता तो मर्यादित आहे. त्यानुसार १९७० ते २००४ या काळात प्रथम लेखकांतील स्त्रियांचे प्रमाण ५.९ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर, तर ज्येष्ठ लेखकांतील प्रमाण ३.७ वरून १९.३ टक्क्यांवर गेले. शाखांमधील तफावत मोठी आहे: २००४ मध्ये प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात ४०.७ टक्के प्रथम लेखक स्त्रिया होत्या, शल्यक्रियेच्या नियतकालिकात १६.७ टक्के. सहा सर्वसाधारण वैद्यकीय नियतकालिकांच्या नंतरच्या पाहणीत (‘बीएमजे’ हे ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिक, २०१६) स्त्री प्रथम लेखकांचे प्रमाण १९९४ मधील २७ टक्क्यांवरून २०१४ मध्ये ३७ टक्के झालेले दिसले, पण शेवटच्या काही वर्षांत ही वाढ थबकली होती. केवळ प्रथम स्थानाच्या आकड्यांवरून प्रगती जोखणे त्यामुळे अपुरे ठरते. संशोधनाचे नेतृत्व कोणाकडे आहे हे शेवटच्या नावावरून अधिक कळते.

मोजणीचा मुख्य अडसर नावांचा आहे. आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच देण्याची संदर्भलेखनाची रूढी लिंगओळख झाकते. मेडलाइन या वैद्यकीय निबंधांच्या सूचीत लेखकांची पूर्ण नावे २००२ पासूनच्याच निबंधांसाठी मिळतात. नावावरून लिंग ठरवणाऱ्या संगणकीय प्रणाली पाश्चात्त्य नावांवर बऱ्यापैकी चालतात, परंतु रोमन लिपीतील चिनी नावांवर वा आद्याक्षरी दाक्षिणात्य नावांवर अडखळतात. शिवाय या रीतीने लेखक स्वतःची ओळख कशी सांगतो, हे कळतच नाही. विवाहानंतर आडनाव, आणि महाराष्ट्रातील जुन्या प्रथेप्रमाणे कधीकधी पहिले नावही, बदलल्याने एकाच स्त्रीचे लेखन दोन नावांखाली विखुरते. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर १८८६ मध्ये फिलाडेल्फियात प्रबंध सादर करणाऱ्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना होत्या. त्यांचे लेखन विवाहोत्तर असल्याने तेथे घोटाळा होत नाही, इतकेच. २०१२ पासून सुरू झालेल्या ‘ऑर्किड’ या कायम लेखक-क्रमांकामुळे ही अडचण काहीशी कमी झाली आहे.

कोविड-१९ वरील सुरुवातीच्या निबंधांत स्त्री प्रथम लेखकांचे प्रमाण, त्याच नियतकालिकांतील २०१९ च्या निबंधांच्या तुलनेत, सुमारे १९ टक्क्यांनी कमी असल्याचा अंदाज २०२० मध्ये ‘ईलाइफ’ या संशोधन-नियतकालिकातून मांडला गेला. टाळेबंदीत वाढलेला घरकामाचा व बालसंगोपनाचा भार हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते.