कर्जासोबत गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे परत मागताना: अर्ज स्वतः करावा की एजन्सीला द्यावा?

घरकर्ज मंजूर होतं, घराचा ताबा मिळतो, आणि कधीतरी कर्जखात्याचा उतारा हातात आल्यावर लक्षात येतं की वीस लाखांच्या कर्जावर साठ हजार जास्तीचे चढले आहेत. शाखेत विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: 'तो विमा आहे, सगळ्यांनाच घ्यावा लागतो.' घ्यावा लागत नाही. कर्ज हवं असेल तर अमुक कंपनीचा जीवनविमा घ्याच, अशी सक्ती बँकेला करता येत नाही. शिवाय हा हप्ता कर्जातच मिळवलेला असतो, म्हणजे त्यावरही व्याज. ९ टक्के दराने आणि २० वर्षांच्या मुदतीत त्या साठ हजारांचे आपण साधारण १ लाख २९ हजार फेडतो.

आधी आपली मागणी नेमकी कोणती ते ठरवा, कारण इथेच बरेच अर्ज घसरतात. विमा न सांगता, खोटं सांगून किंवा सक्तीने दिला असेल, तर तो सुरुवातीपासून रद्द करून हप्ता व्याजासह परत मागायचा. विमा चालला होता, पण कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत नेलं, तर उरलेल्या मुदतीचा परतावा मागायचा. या दुसऱ्या मागणीला फसवणूक सिद्ध करावी लागत नाही, कर्ज बंद झाल्याचं पत्र लागतं. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कालवल्या की कंपनी सोयीची तेवढी उचलते आणि दुसरीबद्दल चकार शब्द काढत नाही.

क्रम सोपा आहे. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. ती विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. कुठेही शुल्क नाही. लोकपालांसमोर ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. आपण राहतो त्या भागाच्या लोकपालांकडे अर्ज करता येतो, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे इथे कार्यालयं आहेत, गोव्याची प्रकरणं पुण्याकडे जातात.

आता अडतं कुठे ते.

पहिली अडचण कागदाची. असा विमा बहुधा समूह विमा असतो, मूळ पॉलिसी बँकेच्या नावावर. कर्जदाराला मिळायला हवं ते 'सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स', आणि ते जवळजवळ कोणाकडेच नसतं. बँक म्हणते कंपनीकडे मागा, कंपनी म्हणते बँकेत दिलंय. या टोलवाटोलवीत लोकांचे महिने जातात, हे बघून चीड येते. यात अडकू नका. कर्जखात्याच्या उताऱ्यावर हप्ता वळता झाल्याची नोंद आणि बहुतेकदा कंपनीचं नाव असतं. तेवढ्यावर कर्ज खाते क्रमांक, नाव आणि जन्मतारीख देऊन थेट तक्रार करा. त्याच पत्रात सर्टिफिकेट, सहीचा संमती अर्ज आणि पडताळणीच्या फोनचं रेकॉर्डिंग मागून घ्या. कागद मिळाल्यावर तक्रार करू म्हणून थांबाल तर थांबूनच राहाल.

तो संमती अर्ज हाती आला की ओळ न् ओळ वाचा. माझ्या ओळखीतल्या एका अंगणवाडी सेविकेच्या अर्जावर सही तेवढी तिची होती, बाकीचं अक्षर दुसऱ्याचं. व्यवसाय 'व्यापार', उत्पन्न फुगवलेलं, आणि ईमेल पत्ता असा की तिने आयुष्यात पाहिला नव्हता. कंपनीचं म्हणणं एकच, सर्टिफिकेट ईमेलने पाठवलंय. तिने तक्रारीत एवढंच लिहिलं की हा पत्ता माझा नाही, आणि सोबत बँकेतल्या तिच्या केवायसीची प्रत जोडली, ज्यावर तिचा खरा नंबर आणि पत्ता होता. 'माझी घोर फसवणूक झाली' असं चार पानं लिहिण्यापेक्षा असा एक कागद भारी पडतो.

दुसरी अडचण 'फ्री लुक' मुदतीची. पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत, कारण न देता, ती परत करता येते. २०२४ च्या आधी बहुतेक पॉलिसींना ही मुदत १५ दिवसांची होती. कंपनीचं पहिलं नकाराचं पत्र हमखास याच मुद्द्यावर येतं आणि लोक तिथेच हात टेकतात. टेकू नका. फ्री लुक संपला म्हणजे कारण न देता परत करण्याची सोय संपली. खोटं सांगून विकल्याची तक्रार वेगळी आणि ती उभीच असते. मुदत मोजायची ती कागद हातात पडल्याच्या तारखेपासून, म्हणून कुरिअरचं पाकीट फेकू नका.

तिसरी अडचण एका वर्षाची. लोकपालांकडे जायला एक वर्ष मिळतं, पण ते पॉलिसीच्या तारखेपासून नव्हे. कंपनीचा नकार मिळाल्यापासून, किंवा उत्तर आलंच नाही तर तक्रारीनंतरचा महिना संपल्यापासून. १ मार्चला तक्रार केली आणि कंपनी गप्प बसली, तर पुढच्या वर्षीच्या मार्चअखेरच्या आत अर्ज गेला पाहिजे. मधल्या काळात कितीही स्मरणपत्रं पाठवा, घड्याळ थांबत नाही. सबळ कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार लोकपालांना आहे, पण त्यावर विसंबू नका. आणि शाखा व्यवस्थापकाला दिलेला अर्ज म्हणजे कंपनीकडे केलेली तक्रार नव्हे. कंपनीच्या नावे लिहिलेला अर्ज आणि त्याची पोच हवी. तोच वाद ग्राहक आयोगात चालू असेल किंवा निकाली निघाला असेल, तर लोकपाल अर्ज घेत नाहीत.

मग 'पैसे मिळवून देतो' म्हणणारी एजन्सी कशाला? आधी नोंदणी फी आणि पैसे मिळाल्यावर टक्केवारी, असा त्यांचा व्यवहार. ब्रिटनमध्ये कर्जासोबत अशाच चुकीच्या पद्धतीने विकलेल्या विम्याचे पैसे मिळवून देणाऱ्या कंपन्यांवर २०१८ मध्ये कायद्याने २० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. आपल्याकडे विमा लोकपाल नियम, २०१७ नुसार तक्रार स्वतः ग्राहकाने किंवा त्याचे वारस, नॉमिनी अथवा ज्याच्याकडे पॉलिसी हस्तांतरित केली आहे त्यानेच करायची असते. एजन्सीला तिथे जागाच नाही. ती छापील मजकूर लिहून देते, सही तुमची घेते, आणि सुनावणीत लोकपालांनी विचारलं की समोर तुम्हीच असता. आपल्याच अर्जात काय लिहिलंय हे माहीत नसलेला अर्जदार तिथे फार केविलवाणा होतो. लिहायला जमत नसेल तर मुलगी, शेजारचे निवृत्त मास्तर, मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था यांची मदत जरूर घ्या. मूळ कागद, कोरा चेक किंवा ओटीपी मात्र कोणालाही देऊ नका. 'आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचे अडकलेले पैसे सोडवतो' असा फोन आला तर तो खोटाच समजा. आयआरडीएआय ही विम्याची नियामक संस्था, ती असे फोन करत नाही.

अर्जात मागणी आकड्यात लिहा: हप्ता किती, कोणत्या तारखेला कापला, व्याज कधीपासून हवं. बँकेच्या वागण्याची तक्रार असेल तर ती वेगळी, आधी बँकेकडे आणि ३० दिवसांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे.

सुनावणीच्या वेळी तडजोडीचा प्रस्ताव येऊ शकतो. तो लेखी मान्य केला की प्रकरण तिथेच संपतं, म्हणून रक्कम घरी नीट जुळवून पाहिल्याशिवाय सही करू नका. तडजोड नाकारली तर लोकपाल निवाडा देतात. तो कंपनीवर बंधनकारक असतो आणि तिने ३० दिवसांत पाळायचा असतो. तुम्हाला पटला नाही, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं आहे.