अंधारातल्या मुंग्या

डोंबिवलीत माझ्या बहिणीच्या दोन खोल्यांच्या घरात गेल्या महिन्यात एक शूटिंग झालं. दिग्दर्शक, कॅमेरामन आणि संकलक तिन्ही माझा भाचाच, नट त्याचा वर्गमित्र. प्रसंग एवढाच की मध्यरात्री मुलगा उठतो, टेबलाशी बसतो आणि वडिलांचं जुनं पत्र वाचतो. भाच्यानं खरोखरच रात्री दोनपर्यंत वाट पाहिली, घरातले सगळे दिवे घालवले, फक्त झिरोचा बल्ब ठेवला आणि मोबाइलवर चित्रण केलं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर लावून पाहिलं तर पत्र दिसेना, चेहरा दिसेना, आणि पडदाभर मुंग्या. पूर्वी गच्चीवरचा अँटेना हलला की टीव्हीवर यायच्या तशा.

"अरे, दिवे लावायचे होतेस ना," मी म्हटलं.

"मामा, रात्र आहे ना ती!"

वर त्यानं दाखलाही दिला. स्टॅन्ली कुब्रिक या अमेरिकी दिग्दर्शकानं १९७५ च्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्तीच्या उजेडात प्रसंग टिपले होते, मग आपल्याला काय धाड भरली? दाखला खरा आहे. पण कुब्रिकची ती लेन्स झाइस कंपनीनं नासासाठी घडवलेल्या मोजक्या लेन्सांपैकी होती, एफ ०.७ इतक्या रुंद तोंडाची (हा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड रुंद). चांगल्या मोबाइलची लेन्स साधारण एफ १.८ ची असते. या आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला की कळतं, तेवढ्याच जागेवर त्याची लेन्स साडेसहा पट उजेड पाडत होती. शिवाय त्याच्याकडे मेणबत्त्यांची अख्खी झुंबरं होती, आणि आमच्याकडे झिरोचा एक बल्ब. (जुने झिरोचे बल्ब शून्य वॉटचे नसत, दहा-पंधरा वॉट खात. पण ते असो.)

मला बोलायचंय ते मुंग्यांबद्दल. लोकांना वाटतं, मुंग्या म्हणजे स्वस्त कॅमेऱ्याचा दोष, महागडा घेतला की जातील. थोड्या कमी होतील, पण जाणार नाहीत, कारण त्यातल्या बऱ्याचशा कॅमेऱ्यात नसतातच. त्या उजेडातच असतात.

उजेड कणाकणांनी येतो हे शाळेत शिकलेलं असतं. त्या कणांना फोटॉन म्हणतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाखो बारीक चौकोन असतात, आणि प्रत्येक चौकोनाचं काम एकच: आपल्या वाट्याला किती फोटॉन आले ते मोजणं. आता अंगणात एकसारख्या शंभर वाट्या मांडून ठेवल्या आहेत आणि मृगाच्या पावसाचे पहिले थेंब पडताहेत असं समजा. मिनिटभरानं पाहिलंत तर एका वाटीत तीन थेंब, शेजारच्या वाटीत सात, पलीकडची कोरडी. पाऊस सगळ्या अंगणावर सारखाच पडतोय, तरी वाट्या सारख्या भरलेल्या नाहीत. तासभर धो धो कोसळू द्या, मग मात्र सगळ्या सारख्याच भरलेल्या दिसतील. पावसानं शिस्त शिकली असं काही झालेलं नसतं. थेंबांची संख्या वाढली आणि फरक त्या संख्येत बुडून गेला.

किती बुडाला, याचा नियम इतका सोपा आहे की मला तो दर वेळी नव्यानं आवडतो. सरासरी जितकी, तिच्या वर्गमुळाइतका चढउतार. सरासरी ४ थेंब असतील तर २ इकडेतिकडे, म्हणजे निम्मा फरक. सरासरी १०,००० असेल तर १०० इकडेतिकडे, म्हणजे शेकडा एक. हा पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाचा नियम, १८३७ सालचा. आणि तो फक्त पावसाला किंवा प्रकाशाला लागू आहे असं मुळीच नाही. बोर्टकेविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १८९८ मध्ये प्रशियाच्या (म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या एका राज्याच्या) सैन्यात घोड्याच्या लाथेनं मेलेल्या सैनिकांचा हिशेब मांडला होता. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी, आणि त्यांत एकूण १२२ मृत्यू. १०९ नोंदींत एकही नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीन नोंदींत तीन, आणि एका नोंदीत चार. सरासरी ०.६१ घेऊन पॉयसाँचं सूत्र चालवलं तर अनुक्रमे १०९, ६६, २०, ४ आणि १ असे आकडे येतात. चार मृत्यू झालेल्या त्या तुकडीत घोडे जास्त खट्याळ होते, असं कुणी म्हणालं असतं तर ते चुकलं असतं. ज्या घटना एकमेकींना न विचारता घडतात त्या अशाच विखुरतात. फोटॉनही एकमेकांना विचारून येत नाहीत.

आता हेच भाच्याच्या मोबाइलवर लावू. मेणबत्ती चेहऱ्यापासून एक मीटरवर असेल तर चेहऱ्यावर साधारण एक लक्स (हे उजेडाचं माप) उजेड पडतो. हिरव्या-पिवळ्या उजेडाचा एक लक्स म्हणजे दर चौरस मायक्रोमीटरवर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) दर सेकंदाला सुमारे ४,१०० फोटॉन. त्यातला एक तृतीयांश चेहऱ्यावरून परततो, सगळीकडे पसरतो, आणि एफ १.८ च्या लेन्समधून सेन्सरवर मूळ उजेडाचा चाळिसावा हिस्सा जेमतेम पोचतो. सेन्सरचा चौकोन एक मायक्रोमीटर बाजूचा आणि शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडं. गुणाकार-भागाकार करून हातात येतात दोन. दोन फोटॉन! त्यांवर नाक कुठे संपतं आणि गाल कुठे सुरू होतो हे ठरवायचं. एका चौकोनाला शून्य मिळाले, शेजारच्याला चार. हीच ती मुंगी. (इथपर्यंत दमला असाल तर एवढंच लक्षात ठेवा: दोन.)

यावर भाच्याचा उपाय होता आयएसओ वाढवणं. आयएसओ वाढवला की कॅमेरा जास्त 'संवेदनशील' होतो हा फार पसरलेला गैरसमज आहे. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओ म्हणजे मिळालेल्या आकड्याला केलेला गुणाकार. दोनाला पन्नासनं गुणा, शंभर होतील. पण शून्याचे शून्यच राहतील आणि चाराचे दोनशे होतील. मुंग्या तेवढ्याच, फक्त आता त्या धष्टपुष्ट झाल्या. (इलेक्ट्रॉनिक्सवाले हरकत घेतील की सेन्सरमधली वाचनाची खरखर आयएसओनं थोडी कमी होते. होते, कबूल. पण न आलेला फोटॉन त्यानं येत नाही.)

'नाइट मोड' फोटोत चमत्कार करतो, कारण तो बरेच फोटो काढून थेंबांची बेरीज करतो. मेज, खुर्ची, किल्ल्याचा बुरूज यांना ते चालतं. बोलणाऱ्या, पापण्या हलवणाऱ्या माणसाच्या चित्रफितीत सेकंदाला पंचवीस चित्रं लागतात, तिथे बेरीज करायला वेळच नाही. एआयनं मुंग्या पुसून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं पुसतात खरी. पण मुंग्यांच्या खाली काय होतं ते त्यांनाही माहीत नसतं, ती अंदाज करतात, आणि म्हणून चेहरे मेणाचे होतात.

जाता जाता आणखी एक. पडक्या वाड्यात मध्यरात्री कॅमेरा नेऊन 'काहीतरी हललं' म्हणून लाल गोल काढून दाखवणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. दोन-दोन फोटॉनांवर चाललेल्या चित्रात दर क्षणी काही ना काही हलतंच. त्यात माणसाचा मेंदू चेहरे शोधण्यात भलताच तरबेज. आणि हवेत तरंगणारे ते पांढरे 'आत्म्याचे गोळे' म्हणजे लेन्ससमोरच्या धुळीवर फ्लॅश उजळलेला. त्या वाड्यात कुणी केर काढला तर निम्मी भुतं जातील.

तर मग रात्र दाखवायची कशी? भरपूर उजेडात. हे उलटं वाटतं, पण पडद्यावरची रात्र उजेडाच्या कमतरतेनं होत नाही, उजेडाच्या उतारानं होते. चेहऱ्याला हवा तेवढा उजेड द्यायचा आणि तो चेहऱ्यामागे झपाझप उतरेल असं पाहायचं. हा उतार फुकट मिळतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई, पाचपट झालं की पंचविसावा हिस्सा. बाजारातला नऊ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्यूमेनचा असतो (ल्यूमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप). चेहऱ्यापासून अर्ध्या मीटरवर त्याचा उजेड सुमारे २८० लक्स, आणि अडीच मीटरवरच्या भिंतीवर फक्त ११. तोच बल्ब छताला टांगला तर चेहरा आणि भिंत जवळजवळ सारखीच उजळतात आणि रात्रीची दुपार होते. नवखे लोक नेमकं हेच करतात: दिवा लांब ठेवतात, कारण जवळ ठेवला तर तो कॅमेऱ्यात दिसेल अशी भीती. लपवा ना! टेबलावर दिसणारा दिवा वेगळा ठेवा, मंद, आत ट्रेसिंग पेपर लावलेला, नाहीतर त्याचा नुसता पांढरा डाग होतो. चेहरा उजळणारा खरा बल्ब त्याच दिशेला, चौकटीच्या जेमतेम बाहेर. बघणाऱ्याला वाटतं, सगळं त्या टेबललॅम्पचंच काम.

२८० लक्स म्हणजे आमच्या हिशेबानं चौकोनामागे सहाशेच्या आसपास फोटॉन, चढउतार चोवीस-पंचविसाचा. मुंग्या शेकडा चारावर आल्या. चित्र संगणकावर आणखी गडद केलं तरी चालतं, कारण गडद करताना मुंग्याही दाबल्या जातात. उलटं, अंधारात टिपलेलं चित्र उजळायला गेलं की त्या वर येतात. म्हणून थोडं जास्त उजेडी टिपून नंतर उतरवायचं.

लहान घरात खरा शत्रू म्हणजे पांढऱ्या भिंती. उजेड त्यांच्यावर आपटून परत येतो आणि सावल्या भरून टाकतो. हाच गुण कामालाही येतो. छायालेखक सुब्रत मित्र यांनी १९५६ च्या 'अपराजितो' या बंगाली चित्रपटासाठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं तेव्हा वर पांढरं कापड ताणून, त्यावर खालून दिवे मारून, आभाळाचा मऊ उजेड आणला होता. आम्हाला तेच उलट करायचं होतं, म्हणजे परतणारा उजेड गिळायचा होता. सेटवर त्यासाठी काळे 'कटर' असतात. आमच्याकडे बहिणीची संक्रांतीची काळी साडी होती. नटाच्या अंधाऱ्या बाजूला, कॅमेऱ्याबाहेर ती टांगल्याबरोबर त्याचा अर्धा चेहरा नाहीसा झाला आणि खोली एकदम खोल वाटू लागली.

दुसरा प्रयत्न आम्ही रात्री आठलाच सुरू केला, दोनपर्यंत जागायची गरज नव्हती. चेहऱ्याला २,७०० केल्विनचा पिवळसर बल्ब (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). गॅलरीत ६,५०० केल्विनची पांढरी ट्यूब, खिडकीच्या ग्रिलमधून आत येणारी. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते, ऑटोवरून काढून ३,५०० च्या आसपास बांधून टाकला, की गॅलरीतली ट्यूब आपोआप निळी आणि खिडकीत चांदणं. खरं चांदणं निळं नसतं. तो सूर्याचाच परावर्तित उजेड, उलट किंचित पिवळटच. पण अंधारात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात आणि त्यांची नजर निळसर-हिरव्याकडे झुकलेली असते. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं दोनशे वर्षांपूर्वी हे टिपलं होतं. सिनेमानं त्याची रूढी केली, कधी कधी फारच भडक. आम्ही ट्यूबवर चादर टाकून ती निम्मी केली. शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि स्वस्त एलईडी तिच्या तालावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. साठावा भाग ठेवला असता तर चित्रावर पट्टे फिरले असते.

साडेनऊला शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. गॅलरीतला उजेड त्यांच्या बेडरूममध्ये जात होता. "कसलं शूटिंग चाललंय एवढ्या उजेडात?" त्यांनी विचारलं. "रात्रीचा सीन आहे, काकू," भाचा म्हणाला, आणि त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या.

सगळा खर्च चारशेच्या आत आला: दोन बल्ब, होल्डर, वायर, ट्रेसिंग पेपर. साडीवर मात्र चिकटपट्टीचे दोन डाग पडलेत, आणि त्यांचं काय करायचं ते बहीण अजून मला विचारते आहे.