कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचा हक्क: दुर्लक्षितांवरील माहितीपटांची पार्श्वभूमी

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून केलेल्या चलच्चित्रांच्या पहिल्या खेळात पडद्यावर दिसले ते कामगार. लुई ल्युमिएर यांनी लिऑं शहरातील आपल्याच कारखान्यासमोर कॅमेरा उभा करून कामावरून सुटलेले स्त्री-पुरुष जेमतेम पाऊण मिनिटाच्या चित्रफितीत टिपले होते. कॅमेरा मालकाचा, काय दाखवायचे हा निर्णय मालकाचा आणि चेहरे तेवढे कामगारांचे, अशी ही सुरुवात होती. दुर्लक्षित माणसांवरील माहितीपटांचा इतिहास सहसा वाढत्या सहानुभूतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात सहानुभूती पहिल्यापासून भरपूर होती. हळूहळू आणि अडखळत बदलत गेला तो कॅमेरा, आवाज आणि संकलन यांवरचा ताबा.

रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (१९२२) या गाजलेल्या पूर्ण लांबीच्या माहितीपटाचा खर्च रेव्हियों फ्रेर या फरच्या व्यापारातील कंपनीने उचलला होता. कॅनडाच्या उत्तरेकडील एक इन्युइट शिकारी त्याचा नायक असला तरी त्याचे खरे नाव नानूक नव्हते, अल्लाकारिआलाक होते. बंदुकीला सरावलेल्या या लोकांना पडद्यासाठी जुन्या पद्धतीने शिकार करावी लागली आणि आतल्या चित्रीकरणाला उजेड पुरावा म्हणून बर्फाचे घर नेहमीपेक्षा मोठे आणि एका बाजूने उघडे बांधावे लागले. एवढ्यावरून फ्लाहर्टींना लबाड ठरवून मोकळे होण्याचा प्रघात आहे. मात्र चित्रित केलेली फिल्म ते तिथेच धुऊन इन्युइट मंडळींना दाखवत असत, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांच्या बोलण्यात फारशी येत नाही.

ब्रिटनमध्ये जॉन ग्रिअरसन यांनी सरकारी पैशाच्या बळावर माहितीपटांची चळवळ उभी केली. उत्तर समुद्रात हेरिंग मासे पकडणाऱ्यांवरचा त्यांचा ‘ड्रिफ्टर्स’ (१९२९) मूकपट होता. पुढे बोलपट आले, पण आवाज मिळाला तो निवेदकाला, कष्टकऱ्याला नाही. त्यामुळेच १९३५ सालचा ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ आजही आवर्जून पाहावा असा आहे. आर्थर एल्टन आणि एडगर अँस्टी यांच्या या छोट्या माहितीपटात लंडनच्या स्टेपनी भागातील मोडकळीला आलेल्या घरांतले भाडेकरू आपापल्या खोलीत उभे राहून थेट कॅमेऱ्याकडे पाहत बोलतात. कोणी ढेकणांविषयी सांगते, कोणी वाकड्यातिकड्या झालेल्या घराविषयी, तर एक बाई घरात शिरलेल्या उंदराचा किस्सा रंगवून ऐकवते. त्या काळची ध्वनिमुद्रणाची सामग्री अवजड असल्यामुळे ही माणसे जागची हलू शकत नाहीत आणि त्यांचे बोलणेही थोडे पाठ केल्यासारखे वाटते, तरीही त्यातला करारीपणा लपत नाही. ग्रिअरसन यांची बहीण रूबी यांनी या भाडेकरूंना बोलते केले होते. कॅमेरा तुमचा आहे, माइक तुमचा आहे, इथे राहणे कसे असते ते ऐकवा, अशा आशयाचे त्यांचे सांगणे माहितीपटांच्या जगात प्रसिद्ध आहे.

या माहितीपटाचा प्रायोजक होता ब्रिटनमधील गॅस उद्योग. जुनी वस्ती पाडून नवी घरे उभी राहिली तर त्यांत गॅसची उपकरणे बसणार होती. म्हणूनच गाऱ्हाणे भाडेकरूंच्या तोंडी आहे, पण नव्या इमारतींची योजना समजावून सांगण्याचे काम गृहनिर्माण समितीच्या अध्यक्षाकडे आणि निवेदनाकडे आहे. दुःख सांगावे पीडितांनी आणि उपाय सांगावा जाणकारांनी, ही वाटणी तेव्हा पडली आणि दूरचित्रवाणीच्या असंख्य कार्यक्रमांत ती अजूनही तशीच चालू आहे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील अभियंते स्तेफान कुदेल्स्की यांचे नाग्रा हे सुटसुटीत ध्वनिमुद्रण यंत्र आणि खांद्यावर पेलता येणारे १६ मिलिमीटरचे कॅमेरे एकत्र आले, तेव्हा कॅमेरा माणसाच्या मागे फिरू लागला आणि निवेदकाची गरज उरली नाही. अमेरिकेत फ्रेडरिक वाइजमन यांनी ही मोकळीक एका बंद संस्थेत नेली. त्यांच्या ‘टिटिकट फॉलीज’ (१९६७) या माहितीपटाने मॅसॅच्युसेट्समधील गुन्हेगार मनोरुग्णांच्या इस्पितळाची अवस्था उघड्यावर आणली. राज्य सरकारने न्यायालयात धाव घेतली, ती रुग्णांच्या खासगीपणाचा दाखला देऊन. ज्या सरकारच्या इस्पितळात रुग्णांना नग्नावस्थेत कोठडीत ठेवले जात होते, त्याला त्यांच्या अब्रूची आठवण कॅमेरा आल्यावर झाली. तरीही तो युक्तिवाद केवळ ढोंग म्हणून उडवून लावता येत नाही, कारण त्यांतले कित्येक रुग्ण खरोखरच संमती देण्याच्या स्थितीत नव्हते. न्यायालयाने माहितीपटावर घातलेली सर्वसामान्य प्रेक्षकांसाठीची बंदी १९९१ साली उठली.

या इतिहासातले खरे वळण मात्र, प्रस्तुत लेखकाच्या मते, कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याजवळच्या फोगो बेटावर आले. विखुरलेल्या लहान लहान गावांत राहणाऱ्या तिथल्या मच्छीमारांचा धंदा बसला होता आणि त्यांना बेटावरून उठवून दुसरीकडे वसवण्याचा विचार चालू होता. कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने १९६७ साली ‘चॅलेंज फॉर चेंज’ हा उपक्रम हाती घेतला आणि त्याखाली दिग्दर्शक कॉलिन लो तिथे गेले. मेमोरियल विद्यापीठाचा विस्तार विभाग बेटावर आधीपासून काम करत होता, त्यामुळे ओळखीपाळखी तयार होत्या. लो यांनी एकच मोठा माहितीपट करण्याऐवजी पंचवीसहून अधिक छोटे माहितीपट केले, बहुतेक एकेका माणसाचे, प्रसंगाचे किंवा विषयाचे. एकाच्या विधानाला दुसऱ्याचे विधान जोडून वाद रंगवण्याची संकलनाची हुकमी युक्ती त्यांनी जाणीवपूर्वक टाळली, कारण त्याच बेटावर ही माणसे उद्या एकमेकांना भेटणार होती.

चित्रित झालेल्या माणसाने स्वतः पाहून होकार दिल्यानंतरच त्याचे चित्रण इतर गावांत दाखवले जात असे. समोरासमोर कधी न बोललेल्या गावांतल्या लोकांना आपली अडचण शेजारच्या गावाचीही आहे, हे असे पडद्यावरून कळत गेले. नंतर हे माहितीपट प्रांताच्या मंत्र्यांना दाखवण्यात आले आणि मत्स्यव्यवसाय मंत्र्यांचे उत्तर चित्रित करून ते बेटावर परत नेण्यात आले. बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि वस्ती उठली नाही. याचे सगळे श्रेय माहितीपटांना देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण तिथे संघटनेचे काम आधीच सुरू झाले होते. पण चित्रित झालेल्या माणसाला नकाराचा हक्क देणारी आणि तो पाळणारी कामाची रीत तिथे घडली, आणि ‘फोगो प्रक्रिया’ या नावाने ती इतर देशांतही पोहोचली.

भारतात १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी सक्तीने दाखवले जात. त्यांतला सामान्य माणूस बहुधा योजनेचा लाभार्थी म्हणून येई. त्या चौकटीबाहेर स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आनंद पटवर्धन यांनी मुंबईतील झोपडपट्टीवासीयांच्या विस्थापनावर ‘हमारा शहर’ (१९८५) केला. गरिबांची छायाचित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्यासाठी काय करणार, असा जाब वस्तीतली एक संतापलेली बाई त्यात दिग्दर्शकालाच विचारते. तो भाग त्यांनी कापला नाही. सबंध माहितीपटातली तीच सर्वात प्रामाणिक जागा आहे, असे म्हणता येईल.

ब्राझीलमध्ये विन्सेंट कारेली यांनी १९८०च्या दशकात आदिवासी गावांमध्ये व्हिडिओ नेला. तिथल्या नाम्बिक्वारा लोकांनी आपल्या एका विधीत स्वतःला पडद्यावर पाहिले, आपण फार शहरी कपड्यांत दिसतो म्हणून नाराजी दाखवली आणि विधी पुन्हा मनासारखा चित्रित करून घेतला. पुढे १९९७ पासून आदिवासी तरुणांनाच चित्रीकरण शिकवणाऱ्या कार्यशाळा सुरू झाल्या.

मालकीचा प्रश्न उघडपणे न्यायालयाच्या दारात आला तो अमेरिकेत. एरोल मॉरिस यांच्या ‘द थिन ब्लू लाइन’ (१९८८) या माहितीपटामुळे पोलिसाच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली बारा वर्षे तुरुंगात काढलेले रँडल अ‍ॅडम्स १९८९ साली सुटले आणि सुटल्यावर त्यांनी आपल्याच कहाणीच्या हक्कांसाठी मॉरिस यांच्यावर दावा लावला. मॉरिस यांच्यावर कृतघ्नपणाने उलटलेला माणूस असे त्यांचे चित्र तेव्हा रंगवले गेले, ते अन्यायाचे होते. त्यांनी नफ्यात वाटा मागितला नव्हता. पुढे या कहाणीचा व्यावसायिक वापर करण्याचा हक्क आपल्याकडे असावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि तडजोडीत ते मान्य झाले. आज कॅमेऱ्यासमोर येणाऱ्या माणसाकडून जे संमतीपत्र घेतले जाते त्यात सहसा हा हक्क निर्मात्याच्या नावे केलेला असतो, आणि त्यावर सही बहुधा चित्रीकरणाच्याच दिवशी होते, संकलन सुरू होण्याच्या कितीतरी आधी.