मोबाइल हँडसेटचे एकाधिकार विक्री करार

एखादा हँडसेट एखाद्या देशात ठरावीक मुदतीपर्यंत एकाच मोबाइल सेवाकंपनीने विकावा, यासाठी हँडसेट बनवणारी कंपनी आणि ती सेवाकंपनी यांच्यात होणारा करार. अशा करारान्वये विकलेला हँडसेट बहुधा त्या कंपनीच्याच सिमकार्डावर चालेल अशा रीतीने ‘लॉक’ केलेला असतो. ग्राहकाला दीड ते तीन वर्षांचा मासिक प्लॅन घ्यावा लागतो आणि मोबाइल इंटरनेटचे, म्हणजे डेटाचे, शुल्क त्या प्लॅनमध्ये गोवलेले असते. असे करार आधीपासून होत असले, तरी ॲपलचा आयफोन २००७ मध्ये बाजारात आल्यापासून पुढची चार-पाच वर्षे ते अनेक देशांत न्यायालयीन वादाचा, कायदेमंडळातील चर्चेचा आणि ग्राहकांच्या रोषाचा विषय बनले. दुकानात सांगितली जाणारी किंमत आणि मुदतीअखेर ग्राहकाच्या खिशातून गेलेली रक्कम यांतील मोठी तफावत हे या पद्धतीचे मुख्य लक्षण होय. ही तफावत मुख्यतः दरमहाच्या शुल्कातून निर्माण होत असे आणि स्मार्टफोनच्या बाबतीत त्यातला निर्णायक भाग डेटाचा असे.

हा करार दोन्ही बाजूंना सोयीचा असतो. हँडसेट बनवणाऱ्याला सेवाकंपनीची दुकाने, जाहिरात आणि नेटवर्कमध्ये आवश्यक ते बदल करून घेण्याची संधी मिळते. सेवाकंपनीला प्रतिस्पर्ध्यांचे, त्यातही दरमहा जास्त खर्च करणारे, ग्राहक मिळतात. सर्वसाधारणपणे सेवाकंपनी हँडसेटच्या मूळ किमतीचा मोठा वाटा स्वतः सोसते आणि तो प्लॅनमधून वसूल करते. ग्राहकाने मुदतीपूर्वी प्लॅन सोडल्यास त्याला करारभंगाचे शुल्क भरावे लागते. अमेरिकेत व्हेरायझनने स्मार्टफोनसाठी हे शुल्क नोव्हेंबर २००९ मध्ये ३५० डॉलरवर नेले, तर एटी अँड टीने जून २०१० पासून ते ३२५ डॉलर केले.

सिम लॉकचे काम सरळ आहे. प्रत्येक सिमकार्डावर ग्राहकाचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक नोंदलेला असतो आणि त्याच्या सुरुवातीच्या पाच किंवा सहा अंकांवरून देश व सेवाकंपनी ओळखता येते. लॉक केलेला हँडसेट हे अंक तपासतो आणि ते ठरवून दिलेल्या कंपनीचे नसतील, तर नेटवर्कशी जोडला जाण्यास नकार देतो. अमेरिकेतील व्हेरायझन व स्प्रिंट या कंपन्यांच्या त्या काळच्या सीडीएमए (मोबाइल नेटवर्कचे एक वेगळे तंत्रज्ञान) नेटवर्कवर सिमकार्डच वापरले जात नसे. त्यामुळे तेथे हँडसेट दुसरीकडे नेणे याहूनही कठीण होते.

आयफोनची घोषणा ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे झाली आणि २९ जून रोजी तो अमेरिकेत एटी अँड टीकडे विक्रीस आला. ४ जीबीच्या फोनची किंमत ४९९ डॉलर, तर ८ जीबीच्या फोनची ५९९ डॉलर होती. विशेष म्हणजे या किमतीत सेवाकंपनीने काहीही सोसलेले नव्हते. ग्राहक हँडसेटचे पूर्ण पैसे मोजत होता आणि तरीही त्याला दोन वर्षांचा करार करावा लागत होता. शिवाय त्याच्या मासिक बिलातील काही भाग ॲपलला मिळत असे, आणि हे त्या काळी अभूतपूर्व होते. त्याबदल्यात एटी अँड टीने व्हॉइसमेलचे निरोप पडद्यावर यादीच्या रूपात दाखवता यावेत म्हणून आपल्या यंत्रणेत बदल केले होते. सर्वांत स्वस्त प्लॅन ५९.९९ डॉलरचा होता व त्यात अमर्याद डेटा होता. त्यामुळे ८ जीबीचा फोन पहिल्या दिवशी घेणाऱ्याचा दोन वर्षांचा खर्च, कर वगळता, २,०३८.७६ डॉलर होई. पुढे सप्टेंबरमध्ये ८ जीबीच्या फोनची किंमत ३९९ डॉलर करण्यात आली आणि आधीच्या ग्राहकांना शंभर डॉलरची खरेदी-सवलत द्यावी लागली.

डेटाची नोंद कशी ठेवावी याची घडी तेव्हा बसलेली नव्हती, हे पहिल्याच बिलांवरून उघड झाले. फोनने इंटरनेटशी केलेला प्रत्येक संपर्क बिलात स्वतंत्र ओळीवर छापला जात होता आणि त्यापुढे शून्य रकमेची नोंद होती. पिट्सबर्गमधील एका ग्राहक महिलेला ऑगस्ट २००७ मध्ये आलेले असे बिल ३०० पानांचे होते व ते खोक्यातून घरी आले. त्यानंतर एटी अँड टीने तपशीलवार बिलाऐवजी संक्षिप्त बिल देण्यास सुरुवात केली.

एकाधिकार जेवढा कडक, तेवढी त्यातून वाट काढण्याची खटपट मोठी. न्यू जर्सीतील जॉर्ज हॉट्झ या सतरा वर्षांच्या मुलाने ऑगस्ट २००७ मध्येच आयफोनचे लॉक तोडून दाखवले. सप्टेंबरअखेरपर्यंत विकल्या गेलेल्या सुमारे १४ लाख फोनपैकी अंदाजे अडीच लाख फोन अनलॉक करण्याच्या हेतूने घेतले गेले असावेत, असे ॲपलनेच त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सांगितले. ज्या देशांत फोन अधिकृतपणे आलेला नव्हता तेथेही तो या मार्गाने पोहोचला. सप्टेंबरमधील १.१.१ या सॉफ्टवेअर-सुधारणेने असे कित्येक फोन बंद पाडले. मालकाने पूर्ण किंमत मोजलेली वस्तू विक्रीनंतर दूरवरून निकामी होऊ शकते, ही गोष्ट सामान्य ग्राहकाला तेव्हा प्रथमच एवढ्या स्पष्टपणे कळली.

११ जुलै २००८ रोजी आयफोन थ्रीजी एकाच वेळी वीसहून अधिक देशांत विक्रीस येऊ लागला. अमेरिकेत त्याची किंमत १९९ डॉलर ठेवण्यात आली आणि किंमत निम्म्यावर आल्याचा गाजावाजा झाला. ॲपलला मासिक बिलातून मिळणारा वाटा बंद झाला. त्याऐवजी सेवाकंपनी हँडसेटचे पैसे आधीच चुकते करू लागली. परंतु डेटासाठी आता दरमहा ३० डॉलर द्यावे लागत व सर्वांत स्वस्त व्हॉइस प्लॅन ३९.९९ डॉलरचा होता. त्यामुळे दोन वर्षांचा एकूण खर्च १,८७८.७६ डॉलर होई. ३९९ डॉलरच्या जुन्या फोनवर तो १,८३८.७६ डॉलर होता आणि त्यात महिन्याला २०० एसएमएस धरलेले होते. नव्या प्लॅनमध्ये त्यांचे वेगळे पैसे पडत. म्हणजे दोनशे डॉलरने ‘स्वस्त’ झालेला फोन प्रत्यक्षात चाळीस डॉलरने महागला होता. जाहिरातीतील आकड्यावर विसंबून या करारांचे मूल्यमापन करता येत नाही, याचे याहून नेमके उदाहरण सापडणार नाही.

युरोपात हे करार तेथील ग्राहक व स्पर्धाविषयक कायद्यांच्या कसोटीला उतरावे लागले. ब्रिटनमध्ये ओ-टूने ९ नोव्हेंबर २००७ रोजी २६९ पौंडांना, किमान ३५ पौंडांच्या अठरा महिन्यांच्या प्लॅनसह, विक्री सुरू केली आणि तेथे फारसा अडथळा आला नाही. त्याच दिवशी जर्मनीत टी-मोबाइलने ३९९ युरोंना फोन आणला. प्रतिस्पर्धी व्होडाफोनने हॅम्बुर्गच्या न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला, तेव्हा टी-मोबाइलला करार व लॉक नसलेला फोन विकणे भाग पडले. त्याची किंमत तिने ९९९ युरो ठेवली. डिसेंबरच्या सुरुवातीला हुकूम उठताच ही विक्री थांबली. पण त्या दोन आठवड्यांत प्लॅनच्या बंधनाला कंपनी किती किंमत देते हे जगजाहीर झाले होते. फ्रान्समध्ये एक वस्तू दुसरीच्या गळ्यात बांधून विकण्यास कायद्याचा विरोध असल्याने ऑरेंजला कराराविना मिळणारा फोनही ठेवावा लागला. तेथील स्पर्धा परिषदेने बुइग टेलिकॉम या प्रतिस्पर्धी कंपनीच्या तक्रारीवरून १७ डिसेंबर २००८ रोजी ऑरेंजचा एकाधिकार स्थगित केला आणि पॅरिसच्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००९ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. इटलीत सुरुवातीपासून दोन कंपन्या होत्या.

कॅनडातील एकाधिकार मुळात कागदावरचा नव्हता, तो तंत्रज्ञानातून आला होता. जीएसएम पद्धतीचे, म्हणजे आयफोन ज्यावर चालत असे त्या सिमकार्डाच्या तंत्रज्ञानाचे, देशव्यापी नेटवर्क फक्त रॉजर्स या सेवाकंपनीकडे (आणि तिच्याच मालकीच्या फिडोकडे) होते. बेल व टेलस या तिच्या प्रतिस्पर्धी कंपन्या सीडीएमएवर चालत असल्याने त्यांना आयफोन विकताच येत नव्हता. रॉजर्सने २००८ च्या उन्हाळ्यात जाहीर केलेल्या प्लॅनपैकी सर्वांत स्वस्त प्लॅन महिन्याला ६० कॅनेडियन डॉलरचा होता, त्यात केवळ ४०० एमबी डेटा होता आणि करार तीन वर्षांचा होता. अमर्याद डेटाचा प्लॅन नव्हताच. नकाशे, चित्रफिती व वेबपाने यांसाठीच घेतला जाणारा फोन ४०० एमबीत वापरायचा म्हणजे त्याचा हेतूच विफल होतो, असे ग्राहकांचे म्हणणे होते आणि ते रास्तच होते. हजारो लोकांनी ऑनलाइन निवेदनावर सह्या केल्या. विक्रीच्या दोन दिवस आधी, ९ जुलै रोजी, रॉजर्सने ३० डॉलरना ६ जीबी डेटा देण्याची घोषणा केली. मात्र तो ३१ ऑगस्टपर्यंत जोडणी घेणाऱ्यांपुरता होता. आधीच्या दराशी तुलना करता एका एमबीची किंमत कितीतरी पटींनी उतरली, आणि एवढ्या थोड्या अवधीत नेटवर्कचा खर्च बदललेला असणे शक्य नव्हते. बेल व टेलस यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये जीएसएमच्याच कुळातील नवे एचएसपीए नेटवर्क सुरू केल्यावर तेथील एकाधिकार आपोआप संपला.

आशियात चित्र देशागणिक वेगळे होते. जपानमध्ये २००८ ते २०११ या काळात आयफोन एकट्या सॉफ्टबँककडेच होता आणि देशातील सर्वांत मोठ्या एनटीटी डोकोमोने तो सप्टेंबर २०१३ मध्ये स्वीकारला. दक्षिण कोरियात देशी सॉफ्टवेअर-मानक सक्तीचे असल्याने फोनला प्रवेशच नव्हता. ही सक्ती एप्रिल २००९ मध्ये उठली व नोव्हेंबरअखेर केटी या सेवाकंपनीने विक्री सुरू केली. चीनमध्ये चायना युनिकॉमने ऑक्टोबर २००९ मध्ये आणलेल्या फोनमध्ये सरकारी नियमांमुळे वाय-फाय नव्हते, म्हणजे ग्राहकाला सर्व डेटा मोबाइल नेटवर्कवरूनच घ्यावा लागे. येथे कागदोपत्री एकाधिकार नव्हता, तरी दुसरी कंपनी मार्च २०१२ पर्यंत आली नाही.

एकाधिकाराचा एक अनपेक्षित परिणाम अँड्रॉइडच्या प्रसारात दिसतो. पहिला अँड्रॉइड फोन, जी-वन, टी-मोबाइलने अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये आणला. त्याच्या प्लॅनमध्ये १ जीबीनंतर वेग कमी करण्याची अट जाहीर झाली होती. टीका झाल्यावर कंपनीने तो आकडा मागे घेतला. आयफोन न मिळालेल्या व्हेरायझनने नोव्हेंबर २००९ मध्ये मोटोरोलाच्या ‘ड्रॉइड’मागे आपली जाहिरातशक्ती उभी केली. पाम या कंपनीचा ‘प्री’ हा स्मार्टफोन मात्र जून २००९ मध्ये स्प्रिंटसारख्या तुलनेने दुबळ्या कंपनीशी बांधला गेला आणि त्या बांधिलकीचा त्याला लाभ होण्याऐवजी तोटाच झाला. गूगलने जानेवारी २०१० मध्ये नेक्सस वन हा फोन लॉकविना ५२९ डॉलरना थेट विकून पाहिला. सवलतीच्या किमतींची सवय झालेल्या ग्राहकांना ती रक्कम मोठी वाटली.

अमेरिकेतील ग्रामीण भागांत सेवा देणाऱ्या छोट्या कंपन्यांनी मे २००८ मध्ये संघीय दूरसंचार आयोगाकडे धाव घेतली. ज्या गावांत एटी अँड टीचे नेटवर्कच नाही तेथील माणसाला हा फोन कोणत्याही किमतीला घेता येत नाही, हा त्यांचा मुद्दा होता, आणि या साऱ्या वादातील तो सर्वांत वजनदार मुद्दा म्हणावा लागेल. २००९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यावर सुनावणीही झाली. व्हेरायझनने १० फेब्रुवारी २०११ रोजी आयफोन विकण्यास सुरुवात केल्यावर हा प्रश्न निर्णयाविनाच मागे पडला.

दरम्यान अमर्याद डेटाचा काळ सरत होता. स्मार्टफोन वापरणाऱ्यांपैकी ३ टक्के लोक ४० टक्के डेटा वापरतात, असे एटी अँड टीने डिसेंबर २००९ मध्ये सांगितले आणि ७ जून २०१० पासून नव्या ग्राहकांसाठी १५ डॉलरना २०० एमबी व २५ डॉलरना २ जीबी असे प्लॅन लागू केले. त्याआधीही अमर्याद डेटा देशाच्या सीमेवर संपत असेच. परदेशात एका किलोबाइटला ०.०१९५ डॉलर, म्हणजे एमबीला जवळजवळ वीस डॉलर, असा दर होता. खिशातला फोन आपोआप मेल तपासत राहिल्याने प्रवासाहून परतलेल्यांना प्रचंड रकमेची बिले आली.

लॉकविषयीचे कायदे हळूहळू आणि कधी उलट्या दिशेनेही सरकले. अमेरिकेत स्वतःच्या फोनचे लॉक काढण्यास २००६ मध्ये मिळालेली मुभा २०१२ च्या फेरआढाव्यात काढून घेतली गेली व जानेवारी २०१३ अखेर ती संपली. एक लाखाहून अधिक सह्यांच्या निवेदनानंतर १ ऑगस्ट २०१४ रोजी ती कायद्याने परत मिळाली. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून लॉक केलेले फोन विकणे व अनलॉकचे शुल्क घेणे बंद केले. ब्रिटनमध्ये ही बंदी डिसेंबर २०२१ मध्ये आली. अमेरिकेत टी-मोबाइलने मार्च २०१३ मध्ये हँडसेटचा हप्ता आणि सेवेचे बिल वेगळे दाखवण्यास सुरुवात केली आणि पुढच्या तीन वर्षांत इतरांनीही तीच वाट धरली. हप्ते फिटेपर्यंत फोन लॉक ठेवण्याची रीत मात्र तेथे टिकून राहिली. युरोपीय संघाने २०१० मध्ये परदेशातील डेटाच्या बिलाला ५० युरोंची पूर्वनिश्चित मर्यादा घातली, २०१२ मध्ये दर एमबीला ७० सेंटवर, २०१४ मध्ये २० सेंटवर आणला आणि १५ जून २०१७ पासून सदस्य देशांतील प्रवाशांना घरच्याच दराने डेटा देण्याचे बंधन घातले. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर हे बंधन तेथील कंपन्यांवर उरले नाही आणि ईई व व्होडाफोन यांनी २०२२ मध्ये नव्या ग्राहकांसाठी युरोपातील रोमिंगचे शुल्क पुन्हा लागू केले.