इंजिनाचा पिवळा दिवा नेमके काय सांगतो?

डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला की बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवावी, म्हणजे दोष जातो, असा समज आपल्याकडे पक्का रुजला आहे. अनेक गाड्यांत त्याने दिवा विझतो हे खरे. पण पुसली जाते ती फक्त गाडीतील संगणकाने करून ठेवलेली दोषाची नोंद, आणि मेकॅनिकला नेमकी तीच हवी असते.

हा दिवा मुख्यतः धुराच्या नियंत्रणासाठी आहे. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून आणि भारतात २०१३पासून ओबीडी-२ ही स्वनिदानाची पद्धत मोटारींना सक्तीची झाली. तिचा कणा म्हणजे सायलेन्सरच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर, आणि त्याचे कार्य खरोखर विलक्षण आहे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण साधले आहे की नाही, हे पारंपरिक सेन्सरमधील झिर्कोनिया या सिरॅमिकची टोपी सांगते. तिच्या आत बाहेरची शुद्ध हवा असते, बाहेरून धूर वाहतो आणि दोन्ही पृष्ठांवर प्लॅटिनमचा सच्छिद्र थर असतो. साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर झिर्कोनियातून ऑक्सिजनचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सरकू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीमुळे विद्युतदाब निर्माण होतो. हा विद्युतदाब दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या आंशिक दाबांच्या, म्हणजे वायूंच्या एकूण दाबातील ऑक्सिजनच्या वाट्यांच्या, गुणोत्तराच्या लॉगॅरिथमवर अवलंबून असतो. ६३० अंशांच्या आसपास गुणोत्तर दसपट झाले की सुमारे ०.०४५ व्होल्टची भर पडते. धुरात दोन टक्के ऑक्सिजन उरला, तर विद्युतदाब जेमतेम तेवढाच असतो. मात्र पेट्रोल किंचित जास्त होताच प्लॅटिनमवर उरलासुरला ऑक्सिजनही संपतो, गुणोत्तर अब्जावधींच्याही अब्जावधी पटींनी वाढते आणि विद्युतदाब ०.९ व्होल्टच्या घरात उडी घेतो. संगणक ही उडी पाहून सतत पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. मिश्रण असे आधीच राखले जात असल्याने, स्कॅनर जोडण्याच्या सॉकेटमध्ये खोचून इंधन वाचवण्याचे आश्वासन देणाऱ्या डब्यांवर विश्वास ठेवण्याचे काहीच कारण नाही.

पेट्रोल कमी-जास्त करण्याची ही दुरुस्ती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली आणि गाडी पुन्हा सुरू करून चालवल्यावर, म्हणजे पुढच्या फेरीतही, तसेच आढळले, की दिवा लागतो आणि संगणक दोषाचा संकेत नोंदवून ठेवतो. उदाहरणार्थ, पी०१७१ हा संकेत ‘मिश्रणात इंधन कमी’ एवढेच म्हणतो. त्यामागे हवेची चिरलेली नळी, मळलेला हवामापक किंवा कमजोर इंधनपंप असू शकतो. केवळ संकेत वाचून महागडा सेन्सर बदलणे म्हणजे खबर देणाऱ्यालाच शिक्षा करणे होय.

दिवा लुकलुकत असेल, तर मात्र प्रकरण गंभीर आहे. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, ते न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळू शकते. अशा वेळी अॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करून गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि इंजिन बंद करावे. दिवा स्थिर असेल, गाडी धक्के देत नसेल आणि तापमानही योग्य असेल, तर सावकाश चालवत एक-दोन दिवसांत स्कॅनर लावून घ्यावा. तेलाच्या दाबाचा लाल दिवा वेगळा आहे. तो लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलेच पाहिजे.

गॅरेजमध्ये संकेताचा क्रमांक लिहून मागावा आणि नोंद पुसण्यापूर्वी व दुरुस्तीनंतर संगणक पेट्रोल किती कमी-जास्त करतो त्याचे आकडे स्कॅनरवर पाहून घ्यावेत. दोष खरोखर गेला असेल, तर सहसा सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआपही विझतो.