कोस्टेलेत्स्की, डाव्हिड

कोस्टेलेत्स्की, डाव्हिड : (१२ मे १९७५ – ). चेक प्रजासत्ताकाचा शॉटगन नेमबाज. प्रकार ट्रॅप. जन्म ब्रनो येथे. बीजिंग ऑलिंपिकमध्ये (२००८) सुवर्णपदक आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ साली भरलेले) रौप्यपदक. सिडनी २००० पासून टोकियोपर्यंत सलग सहा ऑलिंपिकमध्ये तो खेळला.

आपल्याकडे नेमबाजी म्हटले की रायफल किंवा पिस्तूल डोळ्यांसमोर येते. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे ही सगळी नावे त्याच शाखेतली. तिथे लक्ष्य जागेवर असते आणि नेमबाजाला श्वास रोखून थांबायला सवड मिळते. ट्रॅपमध्ये ती नाही. नेमबाजापुढे १५ मीटरवर एक खंदक असतो आणि त्यात पंधरा यंत्रे लपवलेली असतात. नेमबाजांच्या पाच जागा आहेत आणि प्रत्येक जागेसमोर तीन यंत्रे. नेमबाजाने हाक दिली की समोरच्या मायक्रोफोनला ती ऐकू येते आणि तिघांपैकी एका यंत्रातून तबकडी सुटते. ती डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅम वजनाची असते. इंग्रजीत तिला ‘क्ले’ म्हणजे माती म्हणत असले तरी ती डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची बनवतात. न फुटल्यास ती साधारण ७६ मीटरवर जाऊन पडेल इतक्या जोराने फेकली जाते, त्यामुळे तिला गाठायला सेकंदाहूनही कमी वेळ मिळतो. बंदूक १२ बोअरची, बहुधा एकावर एक नळ्या असलेली, आणि काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे. पात्रता फेरीत एका तबकडीवर दोन बार टाकता येतात. पहिला हुकला तर दुसरा आहे, पण तोवर तबकडी बरीच दूर गेलेली असते. एका फैरीत २५ तबकड्या आणि अशा पाच फैरी, म्हणजे पात्रता फेरी १२५ तबकड्यांची.

या खेळात चेक नेमबाजांची परंपरा जुनी आहे, आणि तिची एक गंमत आहे. निकाल बरोबरीत सुटायचे आणि मग शूट-ऑफमध्ये, म्हणजे बरोबरीत असलेल्यांच्या जादा फेरीत, लागायचे. १९७६ साली माँट्रिऑलमध्ये योसेफ पानाचेकने स्कीट या तबकडी नेमबाजीच्याच दुसऱ्या प्रकारात सुवर्ण जिंकले ते नेदरलँड्सच्या एरिक स्विंकेल्सशी १९८ गुणांवर बरोबरी झाल्यानंतर. १९८८ मध्ये सोलला मिलोस्लाव्ह बेदनार्झिक सोव्हिएत संघाच्या दिमित्री मोनाकोव्हच्या बरोबरीने २२२ वर पोहोचला आणि शूट-ऑफमध्ये हरून रौप्यावर थांबला. १९९२ साली बार्सिलोनात पेत्र ह्रदलिच्काने ट्रॅपचे सुवर्ण मिळवले, तेही जपानच्या काझुमी वातानाबेला शूट-ऑफमध्ये मागे टाकून. चेकोस्लोव्हाकिया म्हणून खेळलेले ते शेवटचे उन्हाळी ऑलिंपिक. देश दोन झाल्यावर सिडनीत पेत्र मालेकने स्कीटमध्ये रौप्य आणले. कोस्टेलेत्स्कीचे ऑलिंपिक पदार्पण त्याच सिडनीत झाले. तिथे आणि पुढे अथेन्समध्ये त्याला पदक मिळाले नाही.

बीजिंगमध्ये मात्र त्याने शूट-ऑफची वेळच येऊ दिली नाही. पात्रता फेरीत १२१ तबकड्या फोडून तो अंतिम फेरीत आला. तेव्हाच्या नियमाने पात्रतेचे गुण पुढे धरले जात आणि त्यात अंतिम फेरीच्या २५ तबकड्यांची भर पडे. या फेरीत त्याच्यासोबत १९९६ आणि २००० चा विजेता ऑस्ट्रेलियाचा मायकेल डायमंड होता, २००४ चा विजेता रशियाचा अलेक्सेई अलिपोव्ह होता आणि इटलीचा जोव्हानी पेल्लिएलोही होता. कोस्टेलेत्स्कीने पंचवीसच्या पंचवीस फोडल्या. एकूण १४६, म्हणजे नवा ऑलिंपिक विक्रम. पेल्लिएलो १४३ वर राहिला, अलिपोव्ह १४२ वर आणि डायमंड चौथा. अशा फेरीत तीन तबकड्यांचे अंतर मोठेच म्हणायचे. हाच १४६ चा आकडा लंडनमध्ये २०१२ साली पुन्हा सुवर्णाचा ठरला, पण तिथे जोव्हानी चेर्नोगोराझ आणि मास्सिमो फाब्रित्सी या दोघांनी तो गाठला आणि शेवटी शूट-ऑफ घ्यावा लागला.

बीजिंगच्या या ट्रॅपमध्ये भारताचे मनशेर सिंग आणि २००६ चा विश्वविजेता मानवजीत सिंग संधू हेही होते. अंतिम फेरीपर्यंत ते पोहोचले नाहीत. चेक पथकाची ती स्पर्धा नेमबाजांनीच सुरू करून दिली होती. कातेर्झिना एमन्सने ९ ऑगस्टला एअर रायफलमध्ये त्या ऑलिंपिकचे पहिलेच सुवर्ण जिंकले, आणि दुसऱ्या दिवशी कोस्टेलेत्स्कीने दुसरे. त्याच्याही दुसऱ्या दिवशी अभिनव बिंद्राने जिंकल्यामुळे भारतीय प्रेक्षकांना त्या आठवड्यातले हे एकच सुवर्ण लक्षात राहिले, यात नवल नाही.

पुढच्या काळात अंतिम फेरीचे नियम दोनदा पार बदलले. ट्रॅपच्या नेमबाजाला नियमातला बदल किती जाचतो, ते बाहेरच्याला सहज समजत नाही. १२५ तबकड्यांवर सावकाश मिळवलेली आघाडी पुढे नेता येणे वेगळे, आणि सगळे पुसून शून्यापासून सुरुवात करणे वेगळे. रिओमध्ये (२०१६) पात्रतेचे गुण बाद झाले होते. सहा जणांची उपांत्य फेरी आणि मग दोघादोघांची पदकासाठी लढत, अशी ती रचना होती. कोस्टेलेत्स्की कांस्यपदकाच्या लढतीत ब्रिटनच्या एडवर्ड लिंगकडून हरला आणि चौथा आला. सुवर्ण क्रोएशियाच्या योसिप ग्लास्नोविचला मिळाले, पेल्लिएलोला पुन्हा रौप्य.

टोकियोपर्यंत पुन्हा नवी पद्धत आली. अंतिम फेरी ५० तबकड्यांची, प्रत्येकीला एकच बार. पहिल्या २५ नंतर सहावा बाहेर, मग दर पाच तबकड्यांनी आणखी एक, आणि शेवटच्या दहांसाठी दोघेच उरतात. २९ जुलै २०२१ रोजी आसाकाच्या रेंजवर उरलेले ते दोघेही चेक होते : ४६ वर्षांचा कोस्टेलेत्स्की आणि ३९ वर्षांचा यिर्झी लिप्ताक. ब्रिटनचा मॅथ्यू कॉवर्ड-हॉली ३३ वर बाद होऊन कांस्यपदकाचा धनी झाला. सुवर्ण आता चेकच्या बाहेर जाणार नव्हते, एवढ्यावर मायदेशी समाधान मानता आले असते, पण निकाल लागायचा बाकी होता. पन्नासाव्या तबकडीनंतर दोघांचेही ४३ झाले, नवा ऑलिंपिक विक्रम दोघांच्या नावावर. शूट-ऑफमध्ये एक चुकला आणि दुसऱ्याने फोडली की खेळ संपतो. दोघांनी सहा-सहा फोडल्या. सातवी कोस्टेलेत्स्कीची हुकली, लिप्ताकने फोडली. टोकियोतले ते चेक प्रजासत्ताकाचे पहिले सुवर्ण.

दोन पदकांत तेरा वर्षांचे अंतर आहे. तबकडी नेमबाजीत वय पटकन आड येत नाही, पेल्लिएलोनेही सोळा वर्षांच्या काळात चार पदके मिळवली. पण तबकडी नेमबाजीत दोन ऑलिंपिक पदके मिळवणारा चेक खेळाडू एकटा कोस्टेलेत्स्कीच आहे. पानाचेक, बेदनार्झिक, ह्रदलिच्का, मालेक आणि लिप्ताक यांच्या नावावर प्रत्येकी एकेक आहे. या सहांतील चौघे सुवर्णविजेते, आणि शूट-ऑफशिवाय सुवर्ण मिळाले ते फक्त त्याला, बीजिंगमध्ये.