वर्गातला पंचनामा

विज्ञान प्रदर्शनात ‘गुन्हेगार शोधा’ असा एखादा कोपरा हल्ली दिसू लागला आहे. पिवळी पट्टी, फरशीवर खडूने काढलेली माणसाची आकृती, थोडा टोमॅटो सॉस आणि भिंतीवर चार संशयितांची चित्रं. मुलं एकेक पुरावा गोळा करतात आणि शेवटी ‘सापडला!’ म्हणून ओरडतात. मजा येते, पण त्यात विज्ञान फारसं नसतं. उत्तर शिक्षकांनी आदल्या दिवशीच ठरवलेलं असतं आणि सगळे पुरावे शहाण्या मुलासारखे त्याच उत्तराकडे चालत जातात. खरा पुरावा असा वागत नाही. तो अर्धवट बोलतो, आणि कधी कधी भलत्याच माणसाचं नाव घेतो.

आठवी ते दहावीच्या मुलांना न्यायसहायक विज्ञान, म्हणजे आपल्या बोलण्यातलं फॉरेन्सिक, शिकवायचं असेल तर सुरुवात भिंगाने नको, पंचनाम्याने करावी. वर्गाच्या एका कोपऱ्यात उलटा पडलेला पेला, आडवी खुर्ची, अर्धा खाल्लेला वडापाव आणि उघडी पेटी मांडावी. मृतदेह, सुरे वगैरे नकोत, चोरी पुरेशी आहे. जे दिसतं तेवढंच लिहायचं. पहिल्या फेरीत हमखास ‘चोराने घाईघाईत खुर्ची ढकलली’ असं वाक्य येतं. ते खोडायचं. ‘खुर्ची उजव्या बाजूवर आडवी, पाठ खिडकीकडे’ हे निरीक्षण आहे. चोर, घाई आणि ढकलणं या तिन्ही गोष्टी लिहिणाऱ्याच्या डोक्यातल्या आहेत. निबंधात पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलांना हा तास सगळ्यात जड जातो, असं माझं मत आहे.

मग मोजमाप. एका भिंतीवरचे दोन पक्के बिंदू निवडायचे, उदाहरणार्थ दाराची चौकट आणि खिडकीचा कोपरा, आणि प्रत्येक वस्तूचं त्या दोघांपासूनचं अंतर टेपने मोजायचं. कागदावर प्रमाण धरून कंपासने दोन कंस काढले की ते जिथे छेदतात तिथे वस्तू. (ते दोन ठिकाणी छेदतात, पण दुसरा बिंदू भिंतीपलीकडे पडतो. हे कोणीतरी विचारेलच.) भूमितीतली त्रिकोणरचना इथे खरंच उपयोगाला येते. त्यानंतर वस्तू पाकिटात भरून त्यावर तारीख, वेळ आणि सही. ओले किंवा रक्ताने भिजलेले कपडे खरे तज्ज्ञ वाळवून कागदी पाकिटात ठेवतात, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडून जिवाणू वाढतात आणि डीएनएचे तुकडे होतात.

हे काम आता फक्त पोलिसांचं राहिलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना ही व्यवस्था उभारायला पाच वर्षांची मुदत आहे. आज नववीत असलेली मुलं पदवीधर होतील तोवर ती मुदत संपलेली असेल.

बोटांचे ठसे हा सगळ्यांचा आवडता भाग, आणि तो स्वस्तही आहे. मऊ पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून भुकटी करायची, काचेच्या पेल्यावर मऊ ब्रशने हलकेच फिरवायची, उमटलेला ठसा पारदर्शक चिकटपट्टीने उचलून पांढऱ्या कार्डावर लावायचा. तुलनेसाठी वर्गातल्या प्रत्येकाचा नमुना लागतो. तो घेण्याची सोपी रीत अशी की बोटावर शिसं चोळायचं आणि त्यावरच चिकटपट्टी दाबायची. इथे एक गोची आहे. पेल्यावरचा ठसा हा बोटाची आरशातली प्रतिमा असतो. थेट बोटावरून पट्टीने उचललेला नमुना मात्र सुलटा असतो. दोन्ही कार्डं शेजारी ठेवली तर एकाच बोटाचे ठसे जुळत नाहीत आणि खरा चोर सुटतो किंवा निष्पाप मुलगा अडकतो. उपाय सोपा आहे. नमुन्याची पट्टी पारदर्शक प्लॅस्टिकवर लावायची आणि उलट्या बाजूने पाहायची. पण हा उपाय आधी सांगू नये. वर्गाला गोंधळू द्यावं.

ठशांचे ढोबळ प्रकार तीन: लूप (रेषा वळून आल्या बाजूलाच परत जातात), चक्र (रेषा गोल फिरतात) आणि कमान (रेषा एका बाजूने येऊन दुसरीकडे निघून जातात). ज्योतिषी बोटांवर शंख-चक्र पाहतात ते हेच. सगळ्या बोटांपैकी साधारण ६० ते ६५ टक्के लूप असतात, चक्रं ३० टक्क्यांच्या वर आणि कमानी पाचेक टक्के. म्हणजे पेल्यावर लूप सापडला तर जेमतेम तिसरा हिस्सा बोटं बाद होतात. कमान सापडली तर बहुतेक सगळीच बाद. एकाच जातीच्या पुराव्याचं वजन असं वेगवेगळं असू शकतं, हे मुलांनी वर्गातल्या बोटांची मोजणी करून स्वतः काढावं.

दहा बोटं, आणि प्रत्येकावर चक्र आहे किंवा नाही, अशी विभागणी केली तर २ चा दहावा घात, म्हणजे १०२४ गट पडतात. ठशांचं वर्गीकरण करण्याच्या, जगभर वापरल्या गेलेल्या हेन्री पद्धतीचा पाया एवढाच आहे. पद्धतीला नाव मिळालं ते बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांचं. गणिताचं डोकं मात्र अझिझुल हक या उपनिरीक्षकाचं आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या हेमचंद्र बोस यांचं होतं. कोलकात्यात १८९७ मध्ये ठशांचं कार्यालय सुरू झालं.

गट जुळणं आणि माणूस जुळणं यांत अंतर आहे. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांनंतर सापडलेल्या एका पिशवीवरचा ठसा अमेरिकेतल्या एका वकिलाचा असल्याचं एफबीआयच्या तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं. त्याला सुमारे दोन आठवडे कोठडीत काढावे लागले. स्पॅनिश पोलिसांना तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं आढळलं. तज्ज्ञ अनुभवी होते. पण ठसा अर्धवट होता आणि पहिल्याचं मत काय, हे पुढच्या तज्ज्ञांना आधीच माहीत होतं. वर्गात दोन गटांना एकच ठसा द्यावा. एकाला काही न सांगता, दुसऱ्याला ‘हा बहुधा अमक्याचा आहे’ असं कानात सांगून.

रक्ताच्या थेंबांत त्रिकोणमिती लपलेली आहे. (कॉर्नफ्लोअर आणि खाण्याचा रंग वापरावा, बोट टोचून घ्यायचं नाही.) हवेतला थेंब पृष्ठताणामुळे जवळजवळ गोल असतो. सरळ खाली पडला तर डाग गोल, तिरका आदळला तर लांबट. डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे आदळण्याच्या कोनाचा साइन. रुंदी ८ मिलिमीटर आणि शेपटी सोडून लांबी १६ असेल तर उत्तर अर्धा, म्हणजे ३० अंश. शेपटी थेंब ज्या दिशेने जात होता ती दाखवते. अनेक डागांवरून त्या त्या कोनात दोरे ताणले की ते साधारण एका जागी येतात. दोरा सरळ असतो, थेंब मात्र वक्र मार्गाने पडत आलेला असतो. त्यामुळे दोऱ्यांनी काढलेली उंची खऱ्यापेक्षा जास्तच निघते.

आणि डाग रक्ताचाच कशावरून? कापलेल्या बटाट्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब टाका. रक्तावर येतो तसाच फेस येतो, कारण दोन्हीत कॅटालेज हे विकर (एन्झाइम) आहे. प्रयोगशाळेतली फिनॉल्फ्थॅलिनची गुलाबी चाचणी बरीच सरस आहे, पण काही वनस्पतींमधली पेरॉक्सिडेज विकरं तिलाही फसवतात. म्हणून तिचं उत्तर ‘रक्त असू शकतं’ एवढंच धरतात आणि पुढे पक्की चाचणी करतात.

शेवटच्या तासाला एक खरा खटला द्यावा. ऑगस्ट १८९७, बंगालमधल्या जलपायगुडी जिल्ह्यातला एक चहाचा मळा. व्यवस्थापक अंथरुणात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. पेटीतले पैसे गेले होते. पेटीतल्या कागदांत निळसर मुखपृष्ठाचं एक बंगाली पंचांग होतं आणि त्यावर दोन पुसट तपकिरी डाग. त्यातला एक उजव्या अंगठ्याचा ठसा निघाला. कोलकात्याच्या कार्यालयातल्या नोंदींत तो जुळला कांगाली चरणशी. हा पूर्वी त्याच घरी नोकर होता आणि चोरीची शिक्षा भोगून आला होता. सरकारी रसायनतज्ज्ञाने सांगितलं, डाग सस्तन प्राण्याच्या रक्ताचा आहे. माणसाचं रक्त बकऱ्याच्या रक्तापासून ओळखण्याची चाचणी तेव्हा नव्हती. ती १९०१ मध्ये आली.

इथे थांबून वर्गाला निकाल द्यायला सांगावं, आणि दोन गट करावेत, एक सरकारी वकिलांचा आणि एक बचावाचा. बचावाच्या गटाकडे वाटतं त्यापेक्षा बरंच काही असतं. त्या डागावरून हा माणूस त्या पेटीपाशी होता आणि त्याच्या अंगठ्याला रक्त लागलं होतं, इथवर जाता येतं. वार कोणाचा, हे त्यात कुठेच नाही. न्यायालयानेही तेच धरलं. चोरीबद्दल कांगाली चरणला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली आणि खुनाच्या आरोपातून तो सुटला.